एक बाजार सोडून एक

हबीबभाईंना बसून पगार वाटताना मी कधी पाहिलं नाही. कंपनीनं त्यांना घडीचं टेबल आणि घडीची खुर्ची दिली होती. दोन्ही बैलगाडीच्या मागं बांधलेली असत. तळावर गाडी थांबली की शिपाई ती सोडून झाडाखाली मांडी. टेबलावर हबीबभाई हजेरीचं पुस्तक आणि पेटी ठेवत, खुर्चीवर आपली छत्री ठेवत आणि स्वतः उभे राहत. साठ माणसं असोत की दोनशे, शेवटचा गडी पैसे घेऊन जाईपर्यंत उभेच. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "त्यायनं महिनाभर उभ्यानं कुऱ्हाड चालोली, कंपौंडरभाऊ. मले दोन घंटे उभं राहाले काय होते?"

मी तेव्हा अहेरीला एका लाकूड कंपनीच्या दवाखान्यात कंपौंडर होतो. पन्नास सालानंतरची ही गोष्ट. आमच्याकडे तेव्हा सगळे चांदा जिल्हाच म्हणत आणि कामाला माणूस नागपूरहून आला की दोन महिन्यांत बदलीचा अर्ज लिही. कंपनीचे पाच तळ होते. चार अहेरीपासून एटापल्लीच्या अंगाला जंगलात पसरलेले आणि एक आष्टीच्या रस्त्यावर. सागाची तोड, बांबूची कटाई, लाकडांची ओढणी, सगळं काम तिथं. माणसं बहुतेक गोंड आणि माडिया. काही ढिवरांची घरंही असत. तलाव आटले, मासळी संपली की बायकापोरांसह कामाला येत. डॉक्टर दोन महिन्यांतून एकदा उगवत. एरवी तापाच्या गोळ्या आणि आयोडिनची बाटली घेऊन तळावर जायचं काम माझं. मला वेगळी गाडी कोण देणार? म्हणून पगाराच्या गाडीतच माझी पेटी चढे. महिन्यातले बारा दिवस मी आणि हबीबभाई एका गाडीत असायचो. शिवाय गाडीवान आणि एक बंदूकवाला शिपाई. शिपायाची बंदूक मी कधी उडताना ऐकली नाही.

हबीबभाई उंच, हाडकुळे, बारीक कातरलेल्या दाढीचे. वय चाळिशीच्या आतबाहेर असेल, दिसत पन्नाशीचे. पगाराच्या दिवशी भर वैशाखातसुद्धा काळा कोट. कॉलर घामानं पांढरी झालेली. म्हणायचे, "देनारा मानूस बेकार दिसला का लोकाईले पैसा बी बेकार वाटते." नाव पुकारताना बापाच्या नावासकट पुकारत आणि समोरच उभा असलेल्या माणसानं "हाव" म्हटल्याशिवाय पेटीत हात घालत नसत. मुकादमानं पुस्तकात नावं कशीही लिहिलेली असत. हबीबभाई प्रत्येकाला त्याचं नाव त्याच्याच तोंडून वदवून घेत आणि तसं दुरुस्त करत. 'लालसू'चं मुकादमानं 'लालसिंग' केलं होतं, त्यावरून त्यांनी मुकादमाशी एक अख्खी दुपार हुज्जत घातली. मुकादम म्हणाला, "काय फरक पडते जी? पैसे तर त्यालेच भेटतेत." हबीबभाई म्हणाले, "तुले उद्या बापाच्या नावाऐवजी माह्या बापाचं नाव लावतो. मंग सांगजो काय फरक पडते."

असा बोलणारा माणूस, पण जेवायला मात्र एकटे बसत. आमच्याकडे पाठ करून, चार झाडं पलीकडं. सुरुवातीला मला वाटलं, धर्माचं काही असेल. तसं नव्हतं, माझ्या हातचा चहा ते आनंदानं पीत. पुढं एकदा आपणहून म्हणाले, "घरी पोरीसंगं एका ताटात खाची सवय आहे. समोर दुसरं कोनी असलं का घास उतरत नाई."

ती पोरगी म्हणजे नसीम. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नऊदहा वर्षांची होती. हबीबभाईंची बायको बाळंतपणात गेली होती, बाळही गेलं. मुलगी चांद्याला त्यांच्या थोरल्या भावाच्या घरी राहत होती. अहेरीला आणली असती तर बारा दिवस तिच्याजवळ कोण बसणार? म्हणून फेरी संपली, हिशेब ऑफिसात टाकला की हबीबभाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं निघत. आष्टीच्या घाटावर नावेतून वैनगंगा ओलांडायची, पलीकडून दुसरी मोटार धरायची. महिन्याचे नऊदहा दिवस ते चांद्याला काढत. कंपनीची त्याला हरकत नव्हती. बाकीच्या दिवसांत त्यांना ऑफिसात तसं काम नसेच.

फेरीवर असताना ते प्रत्येक तळावरून तिला एक कार्ड लिहीत. जंगलात टपालपेटी कुठली? पाचही कार्डं कोटाच्या खिशात राहत आणि अहेरीला परत आल्यावर एकदम पडत. चांद्याला ती एकाच दिवशी पोचत. भावजय म्हणे, "एवढी कार्डं एकदम? सावकाश लिहीत जा की." हे मला सांगताना हबीबभाई हसले होते. त्यांना हसताना मी फारसं पाहिलं नाही, म्हणून लक्षात राहिलं.

पगार तेव्हा महिन्याचा होता. हे आम्हा अहेरीच्या लोकांना नवं नव्हतं. आम्हालाही महिन्यानंच मिळे आणि शेवटच्या आठवड्यात आम्हीही चहात साखर कमी घालायचो. पण तळावर महिना फार लांब असे. तिथं दिवस तारखेनं मोजत नसत, आठवडी बाजारानं मोजत. पगारानंतरचा पहिला बाजार भरगच्च. तांदूळ, मीठ, तंबाखू, पोराला एखादा रंगीत गोंडा. दुसऱ्या बाजाराला मीठ आणि तांदूळ. तिसऱ्याला नुसता तांदूळ, तोही कमी. चौथ्या बाजाराला लोक जात ते रिकाम्या हातानं आणि परत येत तेही रिकाम्या हातानं. त्या आठवड्यात माझ्याकडे पोटदुखीचे रोगी वाढत. भुकेपोटी कोणी कडू कंद नीट न उकळता खाल्लेला असे. मी औषध देई आणि पुढं जाई. मला कधी सुचलं नाही की ह्या दुखण्याचं औषध माझ्या पेटीत नाही, शेजारच्या पेटीत आहे.

तिसऱ्या तळावर दोगे नावाचा एक तोड्या होता. बापाचं नाव मुरा. वय पंचविशीचं, बायको जैनी, एक तान्ही पोर. चैत्राचे दिवस होते, पगारानंतरचा चौथा आठवडा. घरात धान्य संपलं होतं. कामावर जायच्या आधी पहाटेच दोगे मध काढायला झाडावर चढला. मधाच्या बदल्यात बाजारात तांदूळ मिळतो. वरून पडला. निरोप मला अहेरीला पोचला तेव्हा दुपार झाली होती. मी सायकल काढली, सायकल संपली तिथून पायी गेलो. पोचलो तेव्हा बायका रडत होत्या. करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पगार त्यानंतर चौथ्या दिवशी होता.

हबीबभाईंना मी सगळं सांगितलं होतं. तरी तिसऱ्या तळावर त्यांनी पुस्तकातल्या क्रमानं नाव पुकारलं, "दोगे वल्द मुरा."  मग जैनी पुढं आली. पोर कडेवर झोपलेली. हबीबभाईंनी दोगेनं भरलेल्या दिवसांचे पैसे तिच्या हातावर ठेवले. ती पैशांकडे बघत राहिली. नंतर त्यांच्याकडे बघून तिनं विचारलं, "बाबू, हे पैसे चार दिवसाआंधी कोठी होते?"

"अहेरीले होते, बाई."

"अहेरीत कोठी?"

"पेटीत होते."

"मंग आले काऊन नाई?"

तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच तिला कळत नव्हतं. वाट तीच, गाडी तीच, पैसे तयार, मग येत का नाहीत, एवढंच ती विचारत होती. हबीबभाईंचा हात टेबलावर होता.  ती थोडा वेळ थांबली, मग बाजूला झाली. त्यांनी पुढचं नाव पुकारलं. 

पुढच्या तळाच्या वाटेवर ते गाडीत बसले नाहीत, मागून चालत आले. मीही उतरलो. चालता चालता म्हणाले, "पैसे पेटीत होते, भाऊ. मानूस झाडावर होता."

त्या महिन्यात ते चांद्याला गेले नाहीत. चार दिवस ऑफिसात बसून त्यांनी एक अर्ज लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. मॅनेजरसाहेबांकडे तो नेला तेव्हा औषधांच्या मागणीपत्रकावर सही घ्यायला मीही तिथं उभा होतो. मॅनेजरसाहेब नागपूरकडचे, माणूस वाईट नव्हता. अर्ज वाचून म्हणाले, "पंधरा दिवसांनी पगार? कल्पना चांगली आहे, हबीबमियाँ. पण दोन फेऱ्या म्हणजे दोन कारकून. वरून मंजुरी यायची नाही."

"कारकून एकच लागन, साहेब."

"अहो, एक फेरी बारा दिवसांची. आली की दोन दिवसांत दुसरी. तुम्ही चांद्याला कधी जाणार? तुमची मुलगी आहे ना तिथं?"

"हाव जी. पावसाळ्यात काम बंद राह्यते, तवा जाईन."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही बोलावं. मी बोललो नाही. पावसाळ्यात जंगलातलं काम बंद असे, पण वैनगंगाही बंद असे. नाव चालत नसे, मोटार येत नसे. मृगाच्या आधी आठ दिवस आणि दसरा झाल्यावर आठ दिवस, एवढीच वाट मोकळी राहायची. हे साहेबांना ठाऊक नसावं. हबीबभाईंना पक्कं ठाऊक होतं.

"तसं लिहून द्या," साहेब म्हणाले. "जादा भत्ता मागणार नाही, हेही लिहा."

हबीबभाईंनी तिथंच उभ्या उभ्या लिहून दिलं. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "भाई, पोरीचा विचार केला का?"

"केला." छत्री उघडून ते चालू लागले. थोडं पुढं जाऊन थांबले. "तिले खाले भेटते, भाऊ. रोज भेटते."

मंजुरी यायला पावसाळा गेला. दिवाळीनंतर काम उघडलं तेव्हा नवा पगार सुरू झाला. एक बाजार सोडून एक. तारखांचा घोळ नको म्हणून हे बाजाराचं हबीबभाईंनीच सुचवलं होतं. साहेबांनी पहिल्यांदा तोंड वाकडं केलं, पण मानलं.

आणि पहिल्याच पगाराला पहिल्याच तळावर दंगा झाला. लोकांच्या हातावर नेहमीच्या निम्मे पैसे पडले. पहिला गडी पैसे मोजून तसाच उभा राहिला. दुसऱ्यानं घेतलेच नाहीत. मागून कोणी ओरडलं, "अर्धा पगार! बाकीचा कोनं खाल्ला?" बघता बघता टेबलाभोवती माणसं दाटली. शिपाई बंदूक चाचपू लागला, तसं हबीबभाई त्याच्यावर खेकसले, "ठेव थे गाडीत! लोक पगार मांगून राह्यले, दरोडा नाई घालून राह्यले." त्यांनी समजवायचा प्रयत्न केला. दोन आठवड्यांचे हे, पुढच्या दोन आठवड्यांचे पुढं. पण एकदा 'अर्धा' शब्द लोकांच्या कानात शिरला होता, बाकीचं काही शिरेना. त्या तळावर कोणीच पैसे घेतले नाहीत. गाडी भरल्या पेटीनं पुढं निघाली. दुसऱ्या तळावरही तेच, बातमी आमच्या आधी पोचली होती.

आम्ही तिसऱ्या तळावर पोचलो. साहेबांना कळलं तर पहिल्याच फेरीला सगळं बंद होणार होतं. हबीबभाईंनी नेहमीप्रमाणे कोट घातला, टेबल मांडलं, छत्री खुर्चीवर ठेवली. मग नावं न पुकारता म्हणाले, "ऐका. आतापरेंत चार बाजारांत एकडाव पगार भेटे. आता दोन बाजार झाले का मी येईन. अजून दोन झाले का पुन्हा येईन. जेवढे आंधी भेटत, तेवढेच भेटतीन. कमी भेटले तर मले इथीच ह्या झाडाले बांधा."

कोणी हललं नाही. जैनी आता त्याच तळावर पाणी भरायचं काम करत होती. ती हंडा खाली ठेवून पुढं आली. हात पुसले आणि पुढं केला. "मले द्या."

हबीबभाईंनी पुस्तकात पाहिलं. "जैनी..." ते अडले. पुस्तकात मुकादमानं पुढं 'बेवा' एवढंच लिहिलं होतं. "बापाचं नाव सांग, बाई."

तिनं सांगितलं. त्यांनी ते लिहिलं, पुन्हा पूर्ण नाव पुकारलं, तिनं "हाव" म्हटलं आणि पैसे घेतले. मग वळून लोकांना गोंडीत काहीतरी म्हणाली. दोनच वाक्यं. मी नंतर गाडीवानाला अर्थ विचारला. ती म्हणाली होती, "माझा माणूस गेला तेव्हा हा बाबू खोटं बोलू शकत होता, बोलला नाही. पैसे पेटीत होते म्हणून सांगितलं."

त्या तळावर सगळ्यांनी पगार घेतला. परतताना पहिल्या दोन तळांवरही घेतला. दोन बाजारांनी गाडी पुन्हा आली तेव्हा पोरं वाटेवर धावत आली. पुढं पुढं पगाराच्या बाजाराला लोक 'हबीबबाबूचा बाजार' म्हणू लागले. माझ्याकडची चौथ्या आठवड्याची पोटदुखी ओसरली. एकदा सातआठ गावांतली माणसं दुसऱ्या ठेकेदाराचं काम सोडून आमच्याकडे आली. कारण काय, तर इथं पैसा लवकर येतो. साहेबांना वरून शाबासकी मिळाली. त्यांनी ती हबीबभाईंना बोलावून वाचून दाखवली. हबीबभाईंचं नाव त्यात नव्हतं. "लय चांगलं झालं, साहेब," म्हणून ते दुसऱ्या फेरीच्या तयारीला लागले.

औषधं आणायला मला दर दोनतीन महिन्यांनी चांद्याला जावं लागे. तेव्हा हबीबभाई माझ्याजवळ नसीमसाठी काहीबाही देत. एकदा त्यांनी अहेरीच्या मोच्याकडून चपला करून घेतल्या. लाल पट्ट्याच्या, सुबक. माप म्हणून त्यांनी मोच्याला आपल्या तळहातावर बोट ठेवून दाखवलं होतं, "इथपरेंत." मी त्या घेऊन जटपुरा वेशीच्या आत त्यांच्या भावाच्या घरी गेलो. नसीम दारात आली. मी ओळखलंच नाही. बारातेराची झाली होती, ओढणी घेतलेली. चपला तिनं तिथंच पायात घातल्या. टाच बोटभर बाहेर राहिली. तिनं एकदा खाली पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हणाली, "अब्बाको बोलना, बराबर हैं." आणि त्याच चपला घालून मला पाणी आणायला आत गेली.

मी अहेरीला येऊन तसंच सांगितलं. हबीबभाई खूश झाले. सहा महिन्यांनी त्यांनी पुन्हा एक जोड केला. मला म्हणाले, "अर्धं बोट वाढोलं या खेपेस. वाढतं वय आहे." मी चपला हातात घेतल्या. खरं सांगायचं तेव्हाच होतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून माझी जीभ रेटली नाही. नसीमनं तो जोड चुलत बहिणीला दिला, हे मला दिसलं. अब्बांना सांगायला तिनं पुन्हा तोच निरोप दिला.

हबीबभाईंमधला फरक मला हळूहळू जाणवत गेला. वाटेनं चालताना ते मध्येच "हाव हाव" म्हणत, आणि पाहावं तर कोणी बोललेलं नसे. कार्डं लिहिणं चालू होतं, पण मजकूर दोन ओळींवर आला होता. एकदा मला विचारलं, "लेकराले काय लिवावं भाऊ? इथी तं झाडंच आहेत." अहेरीतले दोन दिवस ते खोलीचं दार लावून झोपून काढत. लोकांना वाटे, माणूस तुसडा झाला.

एका वर्षी ईद फेरीतच आली, चौथ्या तळावर. सकाळी ते लवकर उठले, नाल्यावर आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि मोहाच्या एका झाडाखाली चादर अंथरून नमाज पढले. एकटेच. ईदची नमाज एकट्यानं पढत नाहीत, हे मला त्यांनीच मागं कधीतरी सांगितलं होतं. त्या दिवशी मी ते काढलं नाही. नंतर त्यांनी चुलीवर शेवया शिजवल्या. तळावर दूध नव्हतं. तिकडची माणसं गायीचं दूध काढत नाहीत, ते वासराचं म्हणतात. म्हणून गुळाच्या पाण्यात शिजवल्या. मला, गाडीवानाला, शिपायाला द्रोणांतून दिल्या. आणि त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या समोर बसून खाल्लं.  द्रोण रिकामा झाल्यावर म्हणाले, "चांद्याले आता लोक गळाभेट घेऊन राह्यले असतीन." मी उठलो आणि त्यांना मिठी मारली. मला ती नीट मारता आली नाही, एक हात कसा वर, एक कसा खाली ते ठाऊक नव्हतं. त्यांनी माझे हात धरून बरोबर लावले. "असे," म्हणाले.

नसीमचं लग्न ठरल्याची खबर त्यांना भावाच्या कार्डानं कळली. कार्ड अहेरीच्या पोस्टात आठ दिवस पडलं होतं. मुलगा वर्ध्याचा, रेल्वेत. तारीख ठरली होती आणि ती नेमकी पगाराच्या फेरीत पडत होती. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. त्यांच्या फेऱ्या कधी असतात हे तिथं कोणाच्या ध्यानात राहिलंच नव्हतं. हबीबभाई माझ्याकडे कार्ड घेऊन आले आणि दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले. मी म्हणालो, "भाई, ही फेरी मी करतो. साहेबांशी मी बोलतो."

"नावं बराबर घेसान?"

"घेतो."

"जैनीच्या बापाचं नाव..."

"ठाऊक आहे. तुम्ही जा."

मी गेलो फेरीला. पहिल्या तळावर उभ्यानं वाटला पगार. दुसऱ्यावर कंबर मोडली, मी खुर्ची ओढून बसलो. कोणी काही म्हणालं नाही. फक्त लोकांनी मला विचारलं, बाबू आजारी आहे का? मुलीचं लग्न आहे म्हटल्यावर तिसऱ्या तळावर जैनी खोपटात गेली आणि पानात बांधलेला मध घेऊन आली. "बाबूच्या पोरीले." मी तो अहेरीला आणला. लग्न तोवर होऊन गेलं होतं.

हबीबभाई सहाव्या दिवशीच परत आले होते. मी हिशेब दिला, त्यांनी तपासला, बरोबर होता. मध पुढं ठेवला तेव्हा त्यांनी तो नुसता हातात घेतला. मी विचारलं, "लग्न कसं झालं?"

"झकास झालं. भावानं लय खर्च केला. बिर्यानी चांगली होती."

"आणि नसीम?"

"शिकलेली पोरगी आहे आता. चांगली बोलते." हिशेबाचे कागद त्यांनी सारखे केले. "मी गेलो तं समद्यायनं मले खुर्ची देली, भाऊ. कोनी कामाले हात लावू देला नाई. म्हनत, तुमी बसा, तुमी लांबून आले. पंगतीत बी पयले मलेच वाढलं."

"मग?"

"मंग बसलो. काय करतो? पाहुन्याले बसाच लागते."

मधाचं पान त्यांनी उघडलं नाही. पुन्हा नीट बांधलं आणि माझ्या बायकोकडे दिलं. लेकरांना द्या म्हणाले.

त्यानंतर वाट मोकळी असायची तेव्हाही ते चांद्याला जात नसत. वर्ध्याला एकदा जाऊन आले, दोन दिवसांत परतले. मी कधी म्हणालो, साहेबांना दुसरा कारकून मागा, आता कंपनीला परवडतं, तर म्हणत, "नवा मानूस नावं चुकवन." मला वाटतं, त्यांना आता दुसरीकडे कुठं जायचंच उरलं नव्हतं. पाच तळांवरची माणसं त्यांची वाट बघत होती, एवढं मात्र खरं होतं. जैनीनं पुढं दुसरा संसार केला. तिची पोर चालायला लागली, बोलायला लागली. पगाराच्या रांगेत ती आईच्या पुढं येऊन उभी राही आणि हबीबभाई तिलाही पूर्ण नावानं पुकारून हातावर गुळाचा खडा ठेवत.

छप्पन साली आमचा भाग मुंबई राज्यात गेला आणि पुढं मला मूलच्या सरकारी दवाखान्यात नोकरी लागली. मूल माझं गाव. बायको हरखली. निघायचा दिवस ठरला तेव्हा हबीबभाई फेरीवर होते. मी दोन दिवस पुढं ढकलून पाहिलं, पण मोटारीतली जागा धरलेली आणि सामान बांधलेलं, जास्त थांबता आलं नाही. त्यांच्या खोलीच्या दाराला चिठ्ठी अडकवली. मनात एक आशा होती. आष्टीच्या रस्त्यावरचा तळ ते शेवटी घेत, तर वाटेत गाठ पडेल.

पडली. दुपारची वेळ, उन्हाळ्याचे दिवस, सागाची पानं झडून रस्त्यावर पडलेली. मोटारीच्या चाकांखाली ती कडकड वाजत होती आणि मागं तांबड्या धुळीचा लोट उठत होता. एका वळणाच्या आधी पगाराची गाडी दिसली. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. रस्ता अरुंद होता. गाडीवानानं बैल कडेच्या उतारावर घेतले. डावा बैल नवा असावा, मोटार पाहून बुजला, मान झटकू लागला. गाडी तिरपी झाली. हबीबभाई खाली उतरून धावत पुढं गेले. त्यांनी कोटाच्या बाह्यांत त्या बैलाचं तोंड छातीशी धरलं आणि दोन्ही तळहातांनी त्याचे डोळे झाकले.

मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो. "हबीबभाई!" म्हणून ओरडलो. पुन्हा ओरडलो. मोटार घरघरत त्यांच्यापासून हातभर अंतरावरून गेली. त्यांची पाठ माझ्याकडे होती. डोकं बैलाच्या मानेवर टेकलेलं होतं आणि ते त्याच्या कानात काहीतरी म्हणत होते. मग धूळ त्यांच्यावरून गेली. बायकोनं माझा सदरा धरून मला आत ओढलं. वळण आलं आणि नुसती झाडं दिसू लागली.